राफाएल कुठल्या पुस्तकात आहे?

पुण्याच्या एका प्रकाशकांनी इंग्रजी कादंबरी भाषांतराला दिली, तेव्हा शेवटी छोटी नामसूची जोडायची असं ठरलं होतं. कादंबरीभर देवदूतांची नावं. मोजली तर एकसष्ट निघाली. आठवड्याचं काम समजून बसले आणि पाच महिने त्यातच गेले.

पहिली चूक राफाएलवर झाली. इंटरनेटवरच्या याद्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात, तरी मी त्यांवर भिस्त ठेवून लिहिलं, ‘बायबलमधला, रोग बरे करणारा देवदूत’. दांडिया बाजारात आमच्या खालच्या मजल्यावर नगरकडच्या काकू राहतात. घराणं तीन पिढ्यांचं ख्रिस्ती, शुद्धलेखनाला पक्क्या. पानं त्यांना वाचायला दिली, तर दुसऱ्या दिवशी पवित्र शास्त्र काखेत घेऊन वर आल्या. म्हणाल्या, “अगं, हा आमच्या शास्त्रात नाहीच. गब्रीएल आहे, मीखाएल आहे. हा कुठून आणलास?”

मी शाळेतल्या सिस्टरांना विचारलं. त्या लगेच म्हणाल्या, “आहे की! तोबीतच्या पुस्तकात.” दोघींचंही बरोबर होतं. तोबीतचं पुस्तक कॅथॉलिक बायबलात आहे, प्रॉटेस्टंट बायबलात नाही. त्या दिवसापासून प्रत्येक नावाला पहिला प्रश्न हाच विचारू लागले : तू कुठल्या पुस्तकातला?

सासऱ्यांच्या एका प्राध्यापक मित्रांनी गुस्ताव डेव्हिडसन यांचा देवदूतांचा कोश वापरायला दिला. हा कोश 1967 साली निघाला. पतित देवदूतही त्यात आहेत. डेव्हिडसन कवी होते आणि मिळेल ते नाव त्यांनी प्रेमाने गोळा केलं : ज्यूंचा धर्मग्रंथ तालमूद, त्यांची गूढविद्या कब्बाला, मंत्रतंत्राच्या पोथ्या, इंग्रज कवी मिल्टनचं काव्य, सगळं. नाव कुठे सापडलं तेही ते सांगतात, आणि माझ्या लेखी कोशाचं मोल त्यातच आहे. पण धर्मग्रंथातलं नाव आणि जादूटोण्याच्या पोथीतलं नाव तिथे एकाच पंगतीला बसतं. निवड आपण करायची.

मग जुन्या लग्नपत्रिका कापून कार्डं केली. वर नाव, उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने मूळ ग्रंथ. उरीएलचं कार्ड चारदा खोडलं. हनोखच्या ग्रंथात, म्हणजे बहुतेक बायबलांबाहेर राहिलेल्या एका प्राचीन ज्यू ग्रंथात, तो आहे, पण 745 साली रोमच्या धर्मसभेने त्याचं नाव घेऊन केलेली प्रार्थना नाकारली आणि मीखाएल, गब्रीएल, राफाएल एवढीच नावं मान्य केली. हनोखचा ग्रंथ संपूर्ण टिकला तो इथिओपियाच्या गीझ भाषेत. स्कॉटिश प्रवासी जेम्स ब्रूस यांनी त्याच्या प्रती 1773 साली युरोपात नेल्या, 1821 साली इंग्रजी भाषांतर आलं. त्यात दोनशे देवदूत हर्मोन डोंगरावर उतरतात आणि अझाझेल माणसांना तलवारी घडवायला, डोळ्यांत सुरमा घालायला शिकवतो. तलवार आणि सुरमा एकाच दमात! तेवढं पान मी तीनदा वाचलं.

‘एंजल’साठी ‘देवदूत’ हाच शब्द ठेवला. मूळ ग्रीक आणि हिब्रू शब्दांचा अर्थ निरोप्याच आहे. प्रकाशकांना ‘गंधर्व’ हवा होता, त्याला मी ठाम नाही म्हटलं. गंधर्वांना त्यांचं स्वतःचं गाणं आहे, ते कुणाचा निरोप घेऊन फिरत नाहीत. सुमारे इ. स. 500 च्या डायोनिसियस या ख्रिस्ती लेखकाने लावलेल्या देवदूतांच्या नऊ श्रेणींत ‘सिंहासनं’ ही तिसरी. तिथे मात्र महिनाभर अडले. हे सिंहासनावर बसणारे नव्हेत, स्वतःच सिंहासन आहेत. शेवटी ‘सिंहासनगण’ लिहिलं, आणि अजूनही तोच शब्द मला योग्य वाटतो.

पुस्तक छापायला जाण्याआधी सिस्टरांकडचं मराठी बायबल काकूंना आणून दिलं. त्यांनी तोबीत दुपारभर मोठ्याने वाचलं. बापाच्या डोळ्यांवर पांढरा पडदा आलेला, दिसत नाही. मुलगा अनोळखी सोबत्याबरोबर दूरदेशी निघतो. तिग्रीस नदीत मासा सापडतो आणि परतल्यावर त्याच्याच पित्ताने बापाचे डोळे उघडतात. सोबती मग सांगतो, मी राफाएल.

“आणि कुत्रं पण जातं गं त्यांच्याबरोबर,” काकू म्हणाल्या. चष्मा काढून पुसला. “दोन दिवस राहू दे माझ्याकडे.”