गिरगाव चौपाटी ते हँगिंग गार्डन आणि १८४ चा आकडा

बऱ्याच महिन्यांनी सायकल काढली तर मरीन ड्राइव्हवर सगळं नॉर्मल होतं हे आधीच सांगते, कारण पुढे डॉक्टरांनी पण पहिला प्रश्न तोच विचारला. सपाटीला, म्हणजे चौपाटी ते दुसऱ्या टोकाचं एनसीपीए आणि परत, पल्स १३०-१३५, पूर्वीपेक्षा थोडी जास्त पण ठीक. प्रकार सुरू झाला वाळकेश्वरच्या चढाला. तीन बत्तीपर्यंत १७० झाली, तिथून रिज रोडने हँगिंग गार्डनकडे निघाले तर घड्याळात १८४. माझं वय ४३. ते सगळीकडे सांगतात ना, जास्तीत जास्त पल्स म्हणजे २२० वजा वय, त्या हिशोबाने माझी हद्द १७७. म्हणजे मी हद्दीच्या बाहेर जाऊन सायकल मारत होते आणि तरी स्पीड असा की वॉकला निघालेले एक गुजराती आजोबा आरामात माझ्या बरोबरीने चालत होते, वर "धीरे धीरे बेटा" पण म्हणाले.

सायकल जूनपासून बंद होती. पावसात या रस्त्यांवर मी चालवतच नाही, त्यात यंदा सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन, मग गणपती, मग नवरात्र, त्यामुळे पॅसेजमध्ये प्लास्टिक टाकून ठेवलेली सायकल थेट ऑक्टोबरमध्ये बाहेर आली. दम लागणार हे माहीत होतंच. पण याच चढाला मे महिन्यात, मेच्या उकाड्यात, मी १६० च्या वर फारशी जात नव्हते, त्यामुळे १८४ बघून पोटात गोळा आला.

उतरले, सायकल कठड्याला टेकवली. छातीत दुखत नव्हतं, चक्कर नाही, गळ्याशी बोटं लावून बघितलं तर ठोके फास्ट पण एकसारखे. एका मिनिटात आकडा १५० च्या आसपास आला, नंतर हळूहळू ११० वर. हे सगळं मी तिथेच फोनमध्ये टाइप करून ठेवलं आणि तेच पुढे सगळ्यात कामी आलं.

आमच्या सायकलच्या ग्रुपवर विचारलं तर नेहमीप्रमाणे सगळेच डॉक्टर. एक म्हणतो वहिनी पाणी कमी पिताय, एक म्हणतो बीट खा, एकाने सांगितलं घड्याळ फेकून द्या. हा शेवटचा मात्र अगदीच चुकीचा नव्हता. मनगटावरचं घड्याळ त्वचेवर लाइट मारून पल्स मोजतं, आणि हँडलवर हात वाकलेला, घाम, रस्त्याचे हादरे यात ते गंडू शकतं. छातीचा पट्टा हृदयाचे इलेक्ट्रिकल सिग्नल पकडतो, म्हणून जास्त भरवशाचा. ग्रुपमधल्या एका दादाचा पट्टा उसना घेतला, तो थोडा ओला करून बांधायचा असतो, आणि परत तोच चढ गेले. १८१. म्हणजे घड्याळ खरंच सांगत होतं.

मग फॅमिली डॉक्टर. आमचे डॉक्टर जुन्या वळणाचे, मी मोबाइलमधला ग्राफ दाखवतेय आणि त्यांनी तो बघायच्या आधी माझी खालची पापणी ओढून आत बघितलं, नखं दाबून बघितली आणि विचारलं, "पाळी कशी आहे गं तुझी?" मी हार्टसाठी आलेय आणि हे काय भलतंच, असं मनात आलं. त्यांनी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन, थायरॉइड आणि इसीजी लिहून दिलं. लॅबमध्ये उपाशीपोटी ताटकळत बसवलं ते सोडून देऊ. इसीजी नॉर्मल, थायरॉइडचं टीएसएच नॉर्मल, हिमोग्लोबिन १०.१, फेरिटिन ७. बायकांचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की अ‍ॅनिमिया धरतात आणि फेरिटिन १५ च्या खाली म्हणजे शरीरातला लोहाचा साठाच संपलेला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के बायका अ‍ॅनिमियात निघाल्या होत्या, म्हणजे यात माझं विशेष असं काहीच नाही. पाळीत वर्षभर जास्त जात होतं म्हणून गायनॅककडे पाठवलं, छोटा फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातली साधी गाठ, निघाला, तो वेगळा विषय, इथे नको.

आता मला जे समजलं ते. ऑक्सिजन वाहून नेतं हिमोग्लोबिन. ते कमी म्हणजे बारा डब्यांच्या ऐवजी नऊ डब्यांची लोकल, पब्लिक तेवढंच, मग फेऱ्या वाढवायला लागतात, त्या फेऱ्या म्हणजे ठोके. सपाटीला गर्दी कमी असते म्हणून भागून जातं, चढाला पीक अवर. त्यात ट्रेनिंग थांबलं की पहिल्या दोनेक आठवड्यातच रक्तातलं पाणी, म्हणजे प्लाझ्मा, कमी व्हायला लागतो, त्यामुळे एका ठोक्याला हृदय जेवढं रक्त बाहेर टाकतं तेही कमी होतं आणि तेवढंच काम करायला पल्स वर जाते. आणि तिसरं म्हणजे आपलं ऑक्टोबर हीट, अंग थंड ठेवायला रक्त त्वचेकडे वळतं, घामाने ते आणखी आटतं. तिन्ही गोष्टी एकाच चढावर एकत्र आल्या होत्या. नुसतं "गॅप पडला म्हणून होतं असं" म्हणून मी सोडलं असतं तर हिमोग्लोबिनचं कळायला अजून किती महिने गेले असते देव जाणे.

घरच्यांचं समाधान होईना म्हणून कार्डिओलॉजिस्टकडे टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आणि टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून काढतात तो इसीजी, हे पण झालं. एको ठीक. टीएमटीला छातीभर स्टिकर, त्यातून लोंबणाऱ्या वायरी, कमरेला बांधलेला डबा, आणि ट्रेडमिलचा पट्टा सुरुवातीलाच १० टक्के चढावर. दर तीन मिनिटांनी वेग पण वाढतो आणि चढ पण. टेक्निशियन मुलगी सारखी विचारत होती, "मॅडम, थांबवू का?" मी म्हटलं अजून नको. १८७ पर्यंत गेले. पट्टा थांबल्यावर डॉक्टर स्क्रीनकडे बघत उभे, मला वाटलं काहीतरी गडबड आहे, पण ते पल्स खाली किती लवकर येते ते बघत होते. पहिल्या मिनिटात १२ पेक्षा जास्त उतरली की बरं समजतात, माझी ३१ ने उतरली. म्हणाले २२० वजा वय हा फक्त सरासरी अंदाज आहे, खऱ्या माणसात दहा-बारा ठोके इकडे तिकडे सहज असतात, त्यामुळे तुमची हद्द १७७ नाहीच. आणि हेही सांगितलं की विश्रांतीतच पल्स वाढलेली असेल, बटण दाबल्यासारखी एकदम उडून एकदम खाली येत असेल, ठोके वेडेवाकडे पडत असतील, छातीत दुखलं किंवा डोळ्यापुढे अंधारी आली तर ग्रुपवर विचारत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल.

मग लोहाच्या गोळ्या. यांच्याबद्दल कोणी नीट सांगत नाही म्हणून लिहिते: शी काळी होते, घाबरायचं नाही. पोट धरतं. लिंबूपाण्याबरोबर घेतली तर चांगली लागू पडते, चहा-कॉफी आणि दूध आसपास नको, कारण चहा लोह शोषू देत नाही. गिरगावातल्या बाईला सकाळचा चहा लांब ठेवायला सांगणं हा खरा उपचार आहे.

सायकल बंद नाही केली. फक्त मरीन ड्राइव्ह, आणि असा स्पीड की शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. प्लाझ्मा लवकर भरून येतो म्हणे, आणि ते दिसलं पण, दिवाळीपर्यंत सपाटीची पल्स १२० च्या आत आली होती. चढाला वेळ लागला कारण हिमोग्लोबिन आठवड्यांच्या हिशोबाने वाढतं. सगळ्यात हलका गिअर लावून तीन बत्तीपर्यंत जायचे, १६५ दिसली की उतरून सायकल हातात धरून चालायचे. ओळखीचे लोक पंक्चर झालं का विचारायचे, मी हो म्हणायचे, कोण समजावत बसणार.

जानेवारीत, थंडी म्हणतात ती आपल्याकडची असताना, न थांबता हँगिंग गार्डनला पोचले, वर १६३ होती. हिमोग्लोबिन १२.२. फेरिटिन मात्र अजून २६ च आहे म्हणून गोळ्या आणखी काही महिने चालू राहणार, हिमोग्लोबिन सुधारलं म्हणून बंद करायच्या नाहीत असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलंय. सासूबाई आता गुडघ्याच्या व्यायामाला जातात, तिकडे त्यांनी पण आपली पल्स मोजून घेतली आणि मला फोन करून विचारलं, "अगं, माझी ८८ आहे, चांगली ना?"