पंचा ओढला की पोळी येते

वरच्या मजल्यावरच्या आजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा त्यांनी मला जिन्यात गाठलं. ऑपरेशन, मग रिहॅब, एकूण सहा आठवडे. फ्रिट्झला सांभाळाल का? मी हो म्हणून मोकळी झाले. सांगलीच्या माणसाला वाटतं, कुत्रा सांभाळायचा म्हणजे काय, रात्री उरलेली भाकरी घातली की झालं. दुसऱ्या दिवशी आजींनी चार पानी सूचना आणून दिल्या, नंबर घालून. कांदा, मनुका, चॉकलेट म्हणजे कुत्र्याला विष. जिने चढू द्यायचे नाहीत. आणि जेवताना आपल्या ताटातलं काहीही द्यायचं नाही. या शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा.

फ्रिट्झ डाकेल जातीचा. आपण डॅशहुंड म्हणतो तोच. आखूड पाय, लांबलचक पाठ. 'डाक्स' म्हणजे बॅजर. बिळात शिरून त्याच्याशी दोन हात करायला ही जात तयार केली. बिळात मालक नसतो, हुकूम ऐकू येत नाही, जे काय ठरवायचं ते स्वतःच. त्यामुळे डाकेल हट्टी असतो, हे जर्मन लोक कौतुकानेच सांगतात. १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकचं बोधचिन्ह, वाल्डी, हाही डाकेलच होता.

पाठ लांब असल्यामुळे तिला जपावं लागतं, म्हणून जिन्यात उचलून न्यायचं. आमची जर्मनीतल्या लाइपझिगमधली इमारत जुनी, लिफ्ट नाही, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. फिरून आलो की फ्रिट्झ पहिल्या पायरीशी बसायचा आणि रिक्षावाल्याकडे बघावं तसा माझ्याकडे बघायचा. हे आठवडाभर बिनबोभाट चाललं. मग एकदा माझ्या दोन्ही हातांत किराण्याच्या पिशव्या होत्या. त्याने पिशव्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तुरुतुरु चढून दारात जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी हात रिकामे होते. महाराज परत पायरीशी.

पहिल्या पावसात अजून एक प्रकार लक्षात आला. कुत्र्याला फिरवून आणण्याला इथे 'गासी जाणं' म्हणतात. 'गासं' म्हणजे गल्ली, त्यावरून. बाहेर शू केली की खाऊ द्यायचा, ही सूचना क्रमांक सात. लाइपझिगचा नोव्हेंबरातला पाऊस कुत्र्यालाही नको असतो. फ्रिट्झ दारातून चार पावलं गेला, खांबाशी पाय वर केला, खाली ठेवला आणि खाऊ मागायला आला. खांब कोरडा होता. म्हणजे त्या अर्थाने कोरडा. पाय वर केला की खाऊ मिळतो, एवढाच करार त्याला ठाऊक होता, आणि त्याची बाजू त्याने पाळली होती. मी दिला खाऊ. नवरा म्हणाला, "तू त्याला पगार देतेयस, काम न करता."

नवरा शिस्तीचा. त्याने यूट्यूबवर बघून 'आउस' शिकवायला घेतलं, म्हणजे तोंडातलं सोड. पद्धत सोपी. कुत्र्याने मोजा पळवला तर ओढाओढ करायची नाही, चीजचा तुकडा दाखवायचा. तो मोजा सोडतो, चीज घेतो, दोघंही खूश. फ्रिट्झ दोन दिवसांत शिकला. तिसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतःहून मोजा घेऊन आला आणि समोर उभा राहिला. आम्ही त्याला वस्तू सोडायला शिकवत होतो, तो दुकान मांडायला शिकला होता.

पुढे भाव वाढले. मोज्याला मी फारसं विचारत नव्हते, म्हणून चप्पल आली. चपलेला नुसतं "अरे!" एवढंच मिळालं. मग एका संध्याकाळी तो नवऱ्याचं रेसिडेन्स परमिटचं कार्ड तोंडात धरून आला. त्या कार्डासाठी किती अपॉइंटमेंटा लागतात हे इथे राहणाऱ्यांनाच विचारा. मी जी किंचाळले, त्यावरून त्याला मालाची किंमत कळली. अर्धी चीजची वडी गेली. कार्डाच्या कोपऱ्यावर दाताची एक खूण आहे, वाचता येतं सगळं.

त्याला कार्ड म्हणजे काय हे अर्थातच कळत नव्हतं. माझा चेहरा कळत होता. यावरून मला बर्लिनचा हान्स आठवला. तो घोडा होता, कुत्रा नव्हे. विल्हेल्म फॉन ऑस्टेन नावाच्या निवृत्त शिक्षकाचा. हा घोडा टाप आपटून बेरजा सोडवतो, याचा १९०४ मध्ये गवगवा झाला होता. मानसशास्त्रज्ञ ओस्कार फुंगस्ट यांनी १९०७ मध्ये उलगडा केला: विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक नसेल, किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर घोडा चुकतो. बरोबर आकडा आला की माणसाच्या मानेत, चेहऱ्यात जो बारीकसा ताण सैल व्हायचा, तो बघून हान्स थांबायचा. लोक म्हणाले, छे, म्हणजे हुशार नव्हताच. मला हे कधी पटलं नाही. समोरच्याला स्वतःलाही माहीत नसलेलं त्याच्या मानेवरून वाचायचं, हे बेरजेपेक्षा सोपं आहे का?

आता पोळीची गोष्ट. दर रविवारी सकाळी अकराला आईचा व्हिडिओ कॉल असतो. त्याआधी मी पोळ्या करून पंच्यात गुंडाळून ओट्यावर ठेवते. ओटा उंच, फ्रिट्झ वीतभर, म्हणून मी निर्धास्त. फोन साखरेच्या डब्याला टेकवलेला, माझी पाठ पोळ्यांकडे, तोंड आईकडे. आई मावशीच्या जावेचं काहीतरी सांगत होती आणि मधेच ओरडली, "अगं, तो बघ, पोळी घेऊन चालला!"

पंच्याचं एक टोक ओट्यावरून लोंबत होतं. ते दातात धरून त्याने सगळं गाठोडं खाली पाडलं होतं. मी वळले तेव्हा एक पोळी संपली होती आणि दुसरी सोफ्याखाली निघाली होती. त्या वेळी मी साडेसहा हजार किलोमीटर लांबून हसण्याचा आवाज ऐकत लाटणं हातात घेऊन उभी.

गंमत अशी की नेमक्या याच विषयावर, आमच्याच गावात काम झालंय. इथल्या माक्स प्लांक संशोधन संस्थेत योसेप कॉल, युलियाने कामिन्स्की वगैरे मंडळींनी २००३ मध्ये एक प्रयोग छापला. कुत्र्यासमोर खाऊ ठेवायचा, खायचा नाही असं सांगायचं. मग माणूस कधी त्याच्याकडे बघत बसतो, कधी पाठ करतो, कधी डोळे मिटतो, कधी कॉम्प्युटर गेम खेळत बसतो. बघणारा माणूस असला की कुत्रे कमी वेळा खाऊ उचलतात आणि उचललाच तर वळसा घालून येतात. पाठ, मिटलेले डोळे किंवा गेम असेल तर सरळ. माझ्या स्वयंपाकघरात गेमच्या जागी मावशीची जाऊ होती, इतकाच फरक.

कामिन्स्कींचंच २००४ चं रिको नावाच्या बॉर्डर कोली जातीच्या कुत्र्यावरचं कामही प्रसिद्ध आहे. त्याला दोनशेच्या वर वस्तूंची नावं येत. ओळखीच्या खेळण्यांत एक नवीन ठेवून कधी न ऐकलेलं नाव घेतलं, तर बहुतेक वेळा तो नवीनच उचलून आणे. फ्रिट्झची मजल तिथवर नाही. सहा आठवड्यांत तो मराठीतले तीन शब्द शिकला: पोळी, चल आणि आई. 'नको' मी रोज तीसेक वेळा म्हणायचे, तो काही त्याच्या डोक्यात शिरला नाही. त्याला त्याचा उपयोगही नव्हता म्हणा.

आणि चोरी पकडली की तो चेहरा! भुवया आत वर चढवून, डोळे मोठे करून, जणू घरात दोन दिवस चूल पेटलेली नाही. या नजरेला जर्मनमध्ये शब्दच आहे, 'डाकेलब्लिक', डाकेलची नजर. माणसंही करतात, साहेबाकडे रजा मागताना. भुवई अशी आतून उचलणारा स्नायू कुत्र्यांमध्ये ठळक असतो, त्यांच्या लांडगे भाऊबंदांमध्ये जवळपास नसतो, हे २०१९ मध्ये दाखवलं गेलं. म्हणजे माणसाला पाघळवायला यांनी चेहऱ्यात एक स्नायू वाढवून घेतला, आणि वाढवू दिला आपणच.

आईला हे सगळं सांगितलं, तर तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. तिने काळ्याची आठवण काढली. आमच्या गल्लीतला काळ्या, बाबांच्या हातची भाकरी रोज संध्याकाळी सातला खाणारा. तो गेला तेव्हा बाबा कोपऱ्यावरच्या चहावाल्याशी बोलत होते. चहावाला म्हणाला, आमचा टायगर गेला हो. मागच्या आळीत तोच कुत्रा मोत्या म्हणून सकाळी दूध-पाव खात होता. तीन घरं, तीन नावं, तीन वेळा, आणि कुठेच कधी उशीर नाही. त्याला कुणी 'आउस' शिकवलं नव्हतं.

आजी घरी परतल्या. गुडघा चांगला आहे, पण कुत्रा उचलून जिना चढायला डॉक्टर नाही म्हणालेत, म्हणून गासीची आणि उचलण्याची नोकरी माझ्याकडेच राहिली. फ्रिट्झ तिसऱ्या मजल्यावर राहतो. रविवारी मात्र त्याला वर नेताना आमच्या दाराशी आले की तो हातातून वळवळतो, खाली सोडेपर्यंत थांबत नाही. मागच्या आठवड्यात आजींनी जिन्याच्या कठड्यावरून वाकून विचारलं, "हे 'पोली' म्हणजे काय असतं? मी फोनवर कुणाला तरी 'पोलित्साय' (पोलीस) म्हणाले, तर हा उठून दाराशी जाऊन बसला."

मी म्हटलं, भारतातला एक ब्रेडचा प्रकार. सूचना क्रमांक किती ते काही मी विचारलं नाही, आणि त्यांनीही पुढे विचारलं नाही. पंच्याची चारही टोकं मी आता आत खोचून ठेवते.