केंद्राच्या नमुन्यातील एक दाखला आणि हैदराबादचा प्रवेश: माझा अनुभव

हैदराबादमधील एका केंद्रीय विद्यापीठात एम.ए. अर्थशास्त्रासाठी माझी निवड झाली, तेव्हा घरच्यांना काळजी होती ती परक्या भाषेची, वसतिगृहाची आणि मुलीने एकटीने राहण्याची. प्रत्यक्षात यांपैकी कशाचाच त्रास झाला नाही. मार्चमधील सीयूईटी पीजी परीक्षा, निकालानंतरची नोंदणी, शुल्काचा भरणा, आमच्या विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्र हे सगळे ज्या त्या वेळी पार पडले. अडले ते आमच्याच तालुक्याच्या ठिकाणी, एका दाखल्यावर. त्याचा राग अजून गेलेला नाही. दरवर्षी जूनमध्ये त्याच खिडकीसमोर माझ्यासारखी मुले उभी असतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

राज्यात माझा प्रवर्ग भटक्या जमाती (क) आहे आणि पदवीच्या प्रवेशापासून माझ्याकडे राज्याचे नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्र होते. केंद्रीय संस्थांमध्ये मात्र हा प्रवर्गच नाही. विमुक्त जाती, भटक्या जमाती (ब), (क), (ड) ही विभागणी महाराष्ट्राची आहे. केंद्राच्या यादीत आमची जात इतर मागासवर्गात येते आणि लाभ मिळतो तो तेथील 27 टक्के आरक्षणाचा. त्यासाठी केंद्र शासनाच्या ठरावीक इंग्रजी नमुन्यातील ओबीसी नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्र लागते. त्यात आपली जात केंद्र सरकारच्या कोणत्या ठरावाने मागास म्हणून मान्य झाली त्या ठरावाचा क्रमांक व दिनांक असतो, आणि 8 सप्टेंबर 1993 च्या कार्यालयीन ज्ञापनानुसार अर्जदार उन्नत गटात, म्हणजे ज्यांना आरक्षण मिळत नाही अशा मागासवर्गातील पुढारलेल्या कुटुंबांत (क्रीमीलेयरमध्ये), मोडत नाही असे स्पष्ट लिहिलेले असते. राज्याचा दाखला कितीही खरा आणि मुदतीतला असला, तरी प्रवेशाच्या वेळी कागदपत्रे तपासणारे तो बाजूला ठेवतात, कारण त्यावर हा मजकूरच नसतो. शिवाय विद्यापीठाने दाखला 1 एप्रिलनंतर दिलेला, म्हणजे चालू आर्थिक वर्षातला मागितला होता. एप्रिल उजाडताच अर्ज करा असे मी सगळ्यांना सांगते ते यासाठी. जूनमध्ये बारावीच्या निकालानंतर सेतू केंद्रात पाय ठेवायला जागा नसते.

सेतू केंद्रात पहिली अडचण नमुन्याची आली. संगणकावर बसलेल्या मुलाने सवयीने राज्याच्या दाखल्याचा अर्ज भरायला घेतला. मी त्याला थांबवून विद्यापीठाच्या माहितीपत्रकातील छापील नमुना दाखवला, तेव्हा त्याने सरळपणे सांगितले, "ताई, हे आमच्याकडं वर्षातून एखाद-दुसरं येतं. आतल्या टेबलाला विचारून घ्या." अर्ज घेतला गेला, पोचपावती मिळाली, आणि फाईल आतल्या टेबलावर गेली. तेथून पुढे मात्र ती हलेना.

माझे वडील, म्हणजे अण्णा, जलसंपदा विभागात वरिष्ठ लिपिक आहेत, आई घर सांभाळते आणि थोडी कोरडवाहू शेती आहे. सातव्या वेतन आयोगानंतर अण्णांचा वर्षाचा एकूण पगार आठ लाखांच्या वर गेला आहे. तहसीलच्या तीन वर्षांच्या उत्पन्नाच्या दाखल्यावर तो आकडा होता. टेबलावरच्या भाऊसाहेबांनी दाखला हातात घेतला, त्या आकड्याखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि म्हणाले, "आठ लाखांच्या वर आहे, म्हणजे क्रीमीलेयर झालं. अर्ज त्रुटीत निघणार."

हे चूक आहे, आणि ते वर्षानुवर्षे शेकडो मुलांच्या बाबतीत घडत असणार याची मला खात्री वाटते, म्हणून नियम नीट सांगते. आठ लाखांची मर्यादा 2017 पासून आहे; 1993 मध्ये ती एक लाख होती. पण ही मर्यादा ज्या उत्पन्नाला लावायची, त्यात पगार आणि शेतीचे उत्पन्न धरायचे नाही, हे 1993 च्या ज्ञापनाला जोडलेल्या अनुसूचीतच लिहिलेले आहे. नोकरदारांच्या मुलांसाठी पाहायचे असते ते आईवडिलांचे पद. दोघांपैकी एकजण थेट नियुक्तीने गट-अ मध्ये असेल, किंवा दोघेही गट-ब मध्ये असतील, तर मुले उन्नत गटात जातात. वडील गट-क मध्ये आणि आई गृहिणी असेल, तर पगाराचा आकडा कितीही असो, तेवढ्यावरून मुलगी उन्नत गटात जात नाही. कार्मिक व प्रशिक्षण विभागाने 14 ऑक्टोबर 2004 च्या पत्रात हे उदाहरणांसह पुन्हा स्पष्ट केले आहे. आमच्याकडे पगार आणि शेती सोडून मोजण्यासारखे काही असेल, तर ते बँकेतल्या ठेवीचे किरकोळ व्याज.

मी हे सगळे तोंडी सांगून पाहिले. भाऊसाहेबांचे उत्तर एकच होते: "आमच्याकडं असंच चालतं." त्यांच्या आवाजात उर्मटपणा नव्हता, हे प्रामाणिकपणे नोंदवते, टेबलावर फायलींचा ढीग होता आणि मदतीला कोणी नव्हते. पण त्या वाक्याने माझा प्रवेश जाणार होता. पुन्हा गेले की साहेब दौऱ्यावर, पुन्हा गेले की साहेबांची बैठक, त्यानंतर ऑनलाईन यंत्रणा बंद. प्रत्येक वेळी अण्णा अर्ध्या दिवसाची रजा टाकून सोबत येत आणि बाहेरच्या बाकावर बसून राहत. तीस वर्षे सरकारी टेबलावर काम केलेल्या माणसाला दुसऱ्या सरकारी टेबलासमोर असे ताटकळताना पाहणे मला फार लागले.

मार्ग सापडला तो अण्णांच्या सल्ल्याने. ते म्हणाले, "तोंडी बोलू नकोस, लेखी दे आणि आवक शाखेत पोच घे." मग मी एका पानाचा अर्ज लिहिला. त्यात वाद घातला नाही. माझ्या वडिलांचे पद गट-क मधील आहे, सोबत त्यांच्या कार्यालयाचे पदनाम, गट व नियुक्तीचा दिनांक असलेले प्रमाणपत्र जोडले आहे, 1993 च्या अनुसूचीनुसार पगाराचे उत्पन्न धरायचे नाही, आणि अर्ज नाकारायचा असल्यास कारण लेखी कळवावे, एवढेच लिहिले. अनुसूचीची आणि 2004 च्या पत्राची प्रत जोडली आणि त्यातल्या नेमक्या ओळी पिवळ्या पेनाने ठळक केल्या. लेखी कारण मागण्याला आधार आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 नुसार अधिसूचित सेवा मुदतीत मिळाली नाही किंवा नाकारली गेली, तर अपील करता येते, आणि नाकारताना कारणे लेखी द्यावी लागतात. मला अपिलापर्यंत जावे लागले नाही, पण त्या एका वाक्यामुळे कागदाचे वजन बदलले यात शंका नाही.

तो अर्ज घेऊन आम्ही अभ्यागतांच्या वेळेत उपविभागीय अधिकाऱ्यांना भेटलो. त्यांनी ठळक केलेल्या ओळी वाचल्या, अण्णांच्या कार्यालयाचे प्रमाणपत्र पाहिले, भाऊसाहेबांना बोलावून विचारले आणि अर्जाच्या समासात शेरा लिहिला. इतके दिवस जे अशक्य होते ते त्या खोलीत दहा मिनिटांत झाले. बाहेर आल्यावर मला आनंद झाला, आणि तेवढाच संतापही आला. ज्या मुलीचे वडील स्वतः लिपिक नाहीत, ज्यांना आवक शाखा आणि पोच म्हणजे काय हे माहीत नाही, तिने काय करायचे? ज्ञापन तीस वर्षांहून जुने आहे. त्याची मराठी प्रत प्रत्येक सेतू केंद्राच्या भिंतीवर लावायला किती खर्च येतो?

दाखला येईपर्यंत प्रवेशाची तारीख आली होती. अशा वेळी घाबरून खुल्या प्रवर्गात जाऊ नका. मी विद्यापीठाच्या प्रवेश विभागाला ईमेल करून अर्जाची पोचपावती जोडली; त्यांनी हमीपत्र घेऊन मुदत दिली आणि तात्पुरता प्रवेश दिला. प्रत्येक संस्थेचा नियम वेगळा असतो, तेव्हा आधी लेखी विचारा. दाखला हातात आला की तेथेच उभे राहून तो तपासा. नावाचे इंग्रजी स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे हवे, जातीचे नाव केंद्रीय यादीत जसे छापले आहे तसेच हवे, आणि ठरावाचा रकाना कोरा नको. ही यादी राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या संकेतस्थळावर राज्यवार मिळते. आपल्या नोंदीचे पान छापून अर्जालाच जोडले, तर टेबलावरचा माणूसही सुटतो.

हैदराबादविषयी सांगण्यासारखे थोडेच आहे, कारण तेथे काही अडलेच नाही. आमच्याकडून बिदर, जहीराबाद, विकाराबाद मार्गे रेल्वे जाते आणि लिंगमपल्लीला उतरता येते. 1956 पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता, त्यामुळे आजोबांच्या पिढीला हे शहर परके नव्हते. मलाही दखनी बोली पहिल्याच आठवड्यात कळू लागली. पहिल्या महिन्यात ज्वारीची भाकरी मिळेल का याची चिंता करू नका. तेथे ती जोन्ना रोट्टे या नावाने सर्रास मिळते.

एक गोष्ट मघाशी सांगायची राहिली. हा दाखला एकदाच लागत नाही. नेट परीक्षेच्या अर्जाला आणि पुढे पीएच.डी.च्या प्रवेशालाही हाच नमुना लागतो, आणि उन्नत गटाबाबतची अट पुन्हा चालू वर्षाची असते. म्हणून मूळ अर्ज, पोच, अधिकाऱ्यांचा शेरा असलेल्या पानाची छायांकित प्रत आणि मिळालेला दाखला एकाच फाईलमध्ये ठेवा. यंदाच्या एप्रिलमध्ये माझ्या धाकट्या भावासाठी अण्णांनी तीच फाईल नेली. टेबलावर आता दुसरे भाऊसाहेब आहेत. त्यांनीही आधी पगाराच्या आकड्यावर बोट ठेवले, मग शेरा वाचला आणि अर्ज पुढे पाठवला.