आमची वाटचाल: पेणच्या आखणीपासून पाव्हियाच्या फौजेपर्यंत

पेणला काकांच्या गणपतीच्या कारखान्यात मी नववीपासून रंगकामाला बसायचे. आधी पितांबर, मग शेला, मग दागिने. डोळ्यांची आखणी काका स्वतः करायचे. तो ब्रश माझ्या हातात यायला ७ सीझन गेले. आज जर्मनीत, एरलांगनमधल्या आमच्या दोन खोल्यांच्या स्टुडिओत, मी २८ मिलिमीटर उंचीच्या छोट्या सैनिक-पुतळ्यांचे डोळे रंगवते, आणि ब्रश टेकवण्याआधी काकांसारखाच श्वास रोखून धरते.

नवऱ्याच्या नोकरीमुळे २०१४ मध्ये आम्ही इथे आलो. पहिल्याच हिवाळ्यात कुल्मबाखच्या प्लासेनबुर्ग किल्ल्यावरचं कथिलाच्या सैनिकांचं संग्रहालय बघितलं. न्यूर्नबर्ग भागात चपटे कथिली सैनिक ओतून रंगवायचा धंदा अठराव्या शतकापासून चालत आलेला. एकेका काचेसमोर मी इतका वेळ उभी राहिले की शेजारच्या एका आजोबांनी चौकशी केली. त्यांना वॉरगेमिंगचा छंद होता: टेबलावर टेकड्या-ओढे मांडायचे, फुटपट्टीने चाली मोजायच्या, फासे टाकायचे आणि जुन्या लढाया पुन्हा लढायच्या. त्यांच्याकडे वीस लांड्सक्नेख्ट रंगवायचे पडून होते. ते त्यांनी माझ्या हवाली केले. आमच्या धंद्याची सुरुवात ती.

लांड्सक्नेख्ट म्हणजे जर्मन भाडोत्री पायदळ. पुढे सम्राट झालेल्या पहिल्या मॅक्सिमिलियनने १४८०च्या दशकात स्विस भालाइतांच्या धर्तीवर ते उभं केलं. गंमत बघा, आपल्याकडे पाईक म्हणजे पायदळातला शिपाई आणि इंग्रजीत पाइक म्हणजे त्याच्या हातातला भाला. तोही चार-पाच मीटर लांब. अनुभवी माणसं पुढच्या रांगांत उभी राहत, त्यांना दुप्पट पगार मिळे. काहींकडे माणसाएवढी दोन हातांची तलवार असे, कमरेला काट्सबाल्गर ही आखूड तलवार.

ते वीसही जण मी लाल-पिवळ्यात रंगवले. एकसारखे आणि नेटके. आजोबांनी भिंगातून प्रत्येकाचा चेहरा बघितला, तोंडभरून कौतुक केलं आणि म्हणाले, "पण हे लांड्सक्नेख्ट नाहीत." त्यांना गणवेश नव्हताच. कुणी काय घालावं याचे कडक कायदे असलेल्या काळात या शिपायांना मात्र मोकळीक होती, आणि ती त्यांनी पुरेपूर वापरली. एक पाय हिरवा तर दुसरा पट्ट्यापट्ट्यांचा, बाह्या फुगवलेल्या, टोपीवर पिसांचा गुच्छ, कापडाला जागोजागी चिरा आणि चिरांतून बाहेर ओढलेलं वेगळ्या रंगाचं अस्तर. मी ते सगळे परत घरी आणले आणि पुन्हा रंगवले.

पुढचं वर्षभर मी एकाच प्रश्नाशी झगडत होते. चाळीस माणसं चाळीस रंगांत रंगवली की टेबलावर लांबून चिखल दिसतो. आईच्या जुन्या गोधडीकडे बघताना उत्तर सापडलं. तिच्यात शंभर तुकडे होते, पण रंग मोजून आठ. तेव्हापासून आम्ही एका तुकडीला सातच रंग घेतो: दोन लाल, एक गेरू, एक पिवळा, एक निळा, एक मळकट पांढरा आणि काळा. एकाची तुमान ती दुसऱ्याची बाही, तिसऱ्याचं अस्तर. शेजारच्या दोघांचा मुख्य रंग एक येऊ द्यायचा नाही. वहीत तक्ता आखल्याशिवाय ब्रश उचलायचा नाही. बघणाऱ्याला जी बेफिकिरी दिसते ती अशी मापून आणावी लागते, आणि मला या कामातलं सगळ्यात आवडणारं हेच आहे.

चिरांचं काम वेळखाऊ. आधी प्रत्येक चिरेत गडद तपकिरी रेघ ओढायची, मग आत अस्तराचा रंग असा भरायचा की कडेला ती रेघ केसभर उरेल, शेवटी फुगीर भागावर उजळ ठिपका. पिवळा काळ्यावर कधीच बसत नाही, म्हणून खाली गेरूचा हात. पहिल्या वर्षी एका शिपायाला चार तास लागायचे, आता दहादहाच्या घाण्यात दोन-सव्वादोन. त्याखाली मी जाऊ देत नाही. कमी पैशांत भराभर रंगवून द्या म्हणणाऱ्यांना नम्रपणे नकार देते.

२०१७ मध्ये रीतसर नोंदणी केली. त्याच नोव्हेंबरात मोठा फटका बसला. चाळीस जणांची पूर्ण तुकडी मी दमट थंडीत बाल्कनीत नेऊन मॅट वार्निशचा स्प्रे मारला. दहा मिनिटांत सगळ्यांवर पांढरी साय. त्या रात्री मी रडले. ब्रशने चकचकीत वार्निशचा हात दिल्यावर एकोणतीस सावरले, अकरा धुऊन पुन्हा रंगवले. पार्सल तीन आठवडे उशिरा गेलं. तेव्हापासून वार्निश घरातच, ब्रशने, आधी चकचकीत मग मॅट. प्लॅस्टिकचे भालेही बंद केले, कारण टपालात मोडायचे. आता पोलादी तारेचे लावतो. टोकं बोचतात, पण टिकतात.

आता आम्ही तिघी आहोत. एक नाशिकची, दुसरी इथलीच निवृत्त चित्रकला शिक्षिका. मराठी आणि जर्मन एकाच टेबलावर चालतं. "आखणी" हा शब्द त्या बाईंनी उचललाय.

फेब्रुवारी २०२५ मध्ये इटलीतल्या पाव्हियाच्या लढाईला ५०० वर्षं झाली. २४ फेब्रुवारी १५२५ ला फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस तिथे कैद झाला. त्या दिवशी लांड्सक्नेख्ट दोन्ही बाजूंना होते: सेनापती फ्रुन्ड्सबर्गचे सम्राट पाचव्या चार्ल्सकडून, फ्रेंचांच्या पगारावरची काळी टोळी समोर. काळी टोळी जवळजवळ कापली गेली. एका ग्राहकाने दोन्ही फौजा मागितल्या. रंगांसाठी आम्ही नेपल्समधल्या कापोदिमोन्ते संग्रहालयातल्या पाव्हियाच्या सात भिंतपडद्यांचे फोटो महिनाभर समोर ठेवले. ते पडदे लढाईनंतर काही वर्षांतच विणलेले. काळी टोळी रंगवताना मी पांढरा कमी केला, गेरू वाढवला. चेहरेही जरा फिकट ठेवले.

सध्या टेबलावर फौजेमागचा लवाजमा आहे: स्वयंपाकाची भांडी पाठीवर घेतलेल्या बायका, गाडा, कोंबड्या, एक पोर. सोळाव्या शतकातल्या न्यूर्नबर्गच्या लाकूडठशांच्या चित्रांत त्या बायका नवऱ्यांच्या बरोबरीने चालताना दिसतात, खेळाच्या टेबलावर मात्र क्वचितच येतात. या कामाला कुणी ऑर्डर दिलेली नाही, आम्हीच काढलंय. सतरापैकी सहा जणींची आखणी व्हायची आहे.