हजेरी ६२ माणसांची, तरी स्लॅब अडलेला

पुण्याजवळच्या एका गृहप्रकल्पावर मी नियोजनाचे काम पाहत असताना रोजच्या अहवालात एकूण माणसांचा आकडा सर्वांत वर लिहिला जात असे, आणि तो ६० च्या पुढे असला की वरिष्ठांचे समाधान होत असे. एके सकाळी हजेरी ६२ होती. ए विंगच्या स्लॅबची सेंटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतण्यासाठीचा साचा आणि आधार, पूर्ण झाल्याने सुतार प्लायच्या थप्पीवर बसून होते आणि वर फिटरच्या, म्हणजे सळई बांधणाऱ्यांच्या, अवघ्या तीन जोड्या हातातल्या हुकने बाइंडिंग वायरला पीळ देत होत्या. सुतारांचा मुकादम मला म्हणाला, “साहेब, माझी माणसं बसून आहेत, ह्यांची हजेरी कुठल्या कामावर लावू?” त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हते.

हिशोब खरे तर साधा होता. त्या स्लॅबला सुमारे ७ टन सळई लागत होती. आमच्या साइटवर एक फिटर आणि एक मदतनीस मिळून दिवसाला २०० किलोच्या आसपास बांधत, म्हणजे ३५ जोडी-दिवसांचे काम झाले. ते पाच दिवसांत संपवायचे तर सात जोड्या हव्या होत्या. तीन जोड्यांना बारा दिवस लागणार होते. एकूण आकड्यात ही तूट दिसत नाही, म्हणून मनुष्यबळाचा तक्ता कामाच्या प्रकारानुसारच मांडावा, असा माझा आग्रह असतो.

त्यानंतर आम्ही बी विंगचे चक्र ए विंगच्या सात दिवस मागे ठेवले. फिटर ए विंगवर चढले की सुतार बी विंगकडे वळत आणि दोन्ही टोळ्यांना सलग काम मिळे. मात्र माणसे वाढवून प्रत्येक दिवस वाचवता येत नाही. आयएस ४५६ या काँक्रीटकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटच्या स्लॅबखालचे टेके (उभे आधार) ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्यात, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतरात, ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्यात १४ दिवस ठेवावे लागतात, त्यामुळे टेक्यांचे पुरेसे संच नसतील तर नवे सुतार आणूनही ते बसूनच राहतात.

गावी जाण्याच्या तारखा हा तर नियोजनाचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातले फिटर दिवाळीआधी निघतात आणि दिवाळीनंतर सहाव्या दिवशी येणारी छठ आटोपूनच परततात. वर्षभर घरापासून दूर राबणाऱ्या माणसाला त्या दिवसांत अडवणे मला अन्यायाचे वाटते. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी खुले होते, म्हणून त्याच सुमारास मी प्रत्येक मुकादमाजवळ बसून कोण कधी जाणार आणि कधी येणार हे नावानिशी लिहून घेतो. त्या काळात स्लॅबचे काम हाती घेत नाही. भाऊबीज करून लवकर परतणाऱ्या सोलापूर भागातल्या गवंड्यांकडून खालच्या मजल्यांचे ब्लॉककाम उरकून घेतो.