पिशव्या मधे ठेवतात

मंगळवार, रात्री

विश्रामबागेत घरीच सहावी-सातवीच्या शिकवण्या घेते मी, हॉलमधे सतरंज्या टाकून, कुणी कुठं बसायचं ते पोरं आपली आपण ठरवतात, आणि खरं सांगू का, कुणाचं कुणाशी बिनसलंय ते मला तिथंच कळतं. सातवीतली एक पोरगी हल्ली कडेला भिंतीला टेकून बसती. ती आली की बाकीच्या तिघी दप्तरं, पिशव्या मधे सरकवतात. बास एवढंच. शिवी नाही, मारणं नाही, पट्टी मागितली तर देतात पण तिच्याकडं न बघता. आणि ती काही बोलली की एकमेकींकडं बघून हसायचं. आता त्या हसण्यावरनं कुणाला काय रागवणार?

आज तिच्या आईला फोन केला. म्हणाल्या, अहो रविवार संध्याकाळ झाली की हिचं पोट दुखतंय, सोनोग्राफी पण केली, सगळं नॉर्मल. गणपतीच्या सुट्टीत मात्र ठणठणीत! डबा अर्धा परत येतो, आणि व्हॅन नको, पप्पांनीच सोडायचं म्हणून हट्ट. एकेक बघितलं तर काहीच नाही, वयच तसलं म्हणून आपण सोडून देतो.

"पोरींच्या कट्ट्या होतातच की मॅडम." होतात ना. पण कट्टीत दोघीही फुगलेल्या असतात आणि दोन दिवसांत बट्टी होती, इथं एकीविरुद्ध सगळ्या आणि रोज तेच. डॅन ओल्वेयस म्हणून नॉर्वेकडचे संशोधक होते, 1970च्या दशकापासनं शाळेतल्या छळावर काम केलं त्यांनी, ते हेच बघायला सांगायचे, मुद्दाम चाललंय का, परत परत चाललंय का, आणि जिच्यावर चाललंय तिला उलटून काही करता येतंय का. जातपंचायतीनं मोठ्या माणसाला वाळीत टाकलं तर आपल्याकडं 2016चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकती. सातवीच्या पोरींना कायदा लावायचा नाहीच, पण प्रकार काय वेगळाय?

आईला म्हटलं, "कोण त्रास देतंय का" असं थेट विचारू नका, कुणी नाही म्हणूनच सांगेल. मधल्या सुट्टीत डबा कुणाबरोबर खाल्लास, ते विचारा. आणि टेली-मानस म्हणून मनाच्या त्रासासाठी हेल्पलाइन आहे, तिचा 14416 नंबर देऊन ठेवला, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

जी म्होरकी आहे ना, ती माझ्याशी इतकी गोड वागती की विचारू नका, अभ्यासात पण हुशार, शाळेत कुणाला खरं वाटणार नाही. पण त्या तिघींतली एक हसताना खाली बघती. तिला हे पटत नाहीय, पण उद्या आपला नंबर लागेल म्हणून गप्प, असं मला तरी वाटतंय. तिलाच धरायचं. उद्या भूमितीला मी जोड्या पाडणार आणि हिला तिच्याबरोबर बसवणार, मुद्दाम केलंय असं न दाखवता. शुक्रवारी आई क्लासटीचरना भेटायला जाणारेत, तिथं कट्टी-बट्टीवर विषय उडवला तर पुढच्या वेळी मी पण जाईन बरोबर.