तांदूळ मुद्दाम फोडणारी माणसं

आमच्याकडे पेज म्हणजे घरातल्या घरात खायची गोष्ट, पाहुणा आला की गंजावर, म्हणजे पातेल्यावर, झाकण. ताप आला, पोट बिघडलं, नाहीतर रोवणी चालू आहे आणि बांधीत बाया सकाळपासून वाकलेल्या आहेत, तेव्हा पेज आणि सोबत कांदा-मिरची नाहीतर झिंग्याची चटणी. पैसे देऊन कोणी पेज खाईल हे झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, कोणाच्या डोक्यात येणार नाही. आणि मी अशा शहरात जाऊन आलो जिथे पेजेची दुकानं आहेत, वर्षानुवर्षं तेच विकणारी, आणि सकाळी सातला गेलं तर बसायला जागा मिळत नाही.

शहर ग्वांगझू, दक्षिण चीन, जुनं नाव कँटन. आमची वडसा रोडला राईस मिल आहे, कलर सॉर्टर, म्हणजे रंग पाहून खराब दाणे वेगळे काढणारी मशीन, बदलायचा होता आणि मशीन डोळ्यांनी पाहिल्याशिवाय घ्यायची नाही असं ठरवलं होतं, म्हणून कँटन फेअर. १९५७ पासून भरतो हा, वर्षातून दोनदा, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये. ऑक्टोबरमध्ये हलका, म्हणजे लवकर येणारा, धान कापणीला आलेला असतो, तेव्हा गाव सोडणं शक्यच नाही, त्यामुळे एप्रिल. सोबत गोंदियाचे एक दादा, त्यांचीही मिल, वयाने मोठे आणि माळकरी, म्हणजे खायचा प्रश्न होताच. मशीनचं पुन्हा कधी लिहीन, आज फक्त पेज.

शहराच्या पश्चिमेला लिवान म्हणून जुना भाग आहे, तिथे सकाळी फिरत गेलो. अरुंद गल्ल्या, वडाची मोठमोठी झाडं, दमट हवा, आपल्याकडे ४३ डिग्रीत कोरडं भाजून निघणं चालू होतं आणि तिथे भर एप्रिलमध्ये जुलै महिन्यासारखी पावसाची रिपरिप. दुकान म्हणजे आपल्या तालुक्याच्या गावातल्या नाश्त्याच्या हॉटेलाएवढं, गोल टेबलं, प्लॅस्टिकचे स्टूल, अनोळखी माणसांच्या शेजारी जिथे जागा दिसेल तिथे बसायचं. टेबलावर क्यूआर कोड, तो स्कॅन करायचा, मेन्यू चिनीत, फोनवर भाषांतर करून वाचायचा. नोटा कोणी काढतच नव्हतं, सगळं फोनवरून.

आता मुख्य गोष्ट. समोरच मोठं पातेलं, त्यात नुसती तयार पेज रटरटत असते. इथल्या कँटोनीज बोलीत पेजेला जूक म्हणतात. ऑर्डर आली की बाई त्यातून दोन पळ्या पेज छोट्या पातेल्यात घेते, ते मोठ्या आचेवर ठेवते, उकळी फुटली की कच्च्या माशाचे पातळ काप टाकते, ढवळते, आणि मासा पांढरा पडेपर्यंतच थांबते. त्याच्या पुढे एक सेकंद नाही. उतरवून वाडग्यात, वरून आल्याचे बारीक तंतू, कांद्याची पात, पांढरी मिरपूड. मी त्या पातेल्याकडे बघतच उभा राहिलो. खायला बसलो तर मासा इतका मऊ होता की चॉपस्टिकने उचलायला गेलं तर तुटत होता आणि तरी कच्चा म्हणून नव्हता. वैनगंगेचा मासा खाऊन मोठा झालेला माणूस हे सांगतोय, आपण मासा रश्शात शिजवताना फार जास्त शिजवतो.

पण मला खरं धरून ठेवलं ते तांदळाने. वाडग्यात दाणा नाही! म्हणजे तांदूळ आहे, वास आहे, चव आहे, पण एकही अख्खा दाणा सापडत नाही, सगळा फुलून, फुटून, पाण्यात मिसळून गेलेला, आणि तरी खळ झालेली नाही, पीठ लागत नाही, जिभेवर रेशमी लागतं. आमचा धंदाच मुळात याच्या उलटा आहे हो. मिलवाल्याचं सगळं आयुष्य दाणा तुटू नये यात जातं. धानात ओलावा किती, रबर रोल किती घट्ट, पॉलिशरवर किती दाब, सगळी धडपड तुकडा कमी पडावा म्हणून. सरकारी भरडाईत १०० किलो धानाला ६७ किलो तांदूळ द्यायचा आणि त्यात तुकडा वर्षानुवर्षं २५ टक्क्यांच्या आत ठेवायचा, त्याच्यावर गेला की लॉट रिजेक्ट. आणि ही माणसं अख्खा, चांगला तांदूळ घेऊन तो मुद्दाम फोडतात, आणि तेही इतक्या निगुतीने.

मालकीणबाईंचा मुलगा मोकळा झाला तेव्हा फोनवर भाषांतर करत करत त्याला विचारलं. तांदूळ धुवून त्याला थोडं मीठ आणि तेल चोळून ठेवतात, त्याने दाणा लवकर उकलतो. तांदळाच्या दहा-बारा पट पाणी. पाणी खळखळ उकळल्यावरच तांदूळ सोडायचा, गार पाण्यात टाकायचा नाही. त्यात डुकराची हाडं, वाळवलेले शिंपले, सोयाबीनच्या दुधावरची वाळवलेली साय, असं काय काय चवीसाठी. मग तासन् तास शिजू द्यायचं आणि तळाला लागू नये म्हणून ढवळत राहायचं. सकाळच्या गिऱ्हाइकासाठी यांची चूल अंधारातच पेटते. मला त्याने हे सांगताना काही लपवलं नाही, उलट मी तांदळाचा धंदा करतो हे कळल्यावर गोणीतला तांदूळ मुठीत आणून दाखवला. आपल्यासारखाच लांबट इंडिका जातीचा, बारीक. मी तो तळहातावर घेऊन खिडकीच्या उजेडात पाहिला, सवयच आहे ती, पोटपांढरा, म्हणजे मधे खडूसारखा पांढरा डाग असलेला, दाणा जवळपास नव्हताच.

प्रकार किती होते ते सगळे लिहीत नाही. एक मात्र सांगायलाच पाहिजे, नावेवरची पेज. या लिवानमध्येच लिचीच्या झाडांचा एक ओढा होता, लिची बे म्हणतात त्याला, तिथे लोक नावेतून फिरायला यायचे आणि छोट्या नावांवर पेज विकली जायची, तिचं नाव अजून तेच. माशाचे काप, कोळंबी, अंड्याच्या पातळ पोळीचे लांब तुकडे, तळलेले शेंगदाणे, सगळं एका वाडग्यात, खाली मऊ आणि वर कुरकुरीत. तो ओढा मधे शहराने झाकून त्यावर रस्ता केला होता, २०१० च्या एशियन गेम्सच्या आधी परत उघडला. आमच्याकडच्या मामा तलावांचं, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावांचं, गाळाने काय होऊन राहिलं ते रोज पाहणाऱ्या माणसाला एखादं शहर बुजवलेलं पाणी पुन्हा मोकळं करतं हे ऐकून फार बरं वाटलं.

पेजेसोबत हातभर लांब तळलेली पिठाची कांडी येते, दोन पट्ट्या एकमेकींना चिकटवून तळलेली, आतून पोकळ. ती तोडून पेजेत बुडवायची. या दोन पट्ट्यांची तिथे गोष्ट सांगतात, की ११४२ मध्ये यूए फेई नावाच्या सेनापतीला छिन हुई नावाच्या मंत्र्याने कारस्थान करून मारलं, तेव्हा लोकांनी चिडून त्या मंत्र्याची आणि त्याच्या बायकोची पिठाची बाहुली करून उकळत्या तेलात टाकली. खरं-खोटं देव जाणे, पण सेनापती लोकांना अजून आपला वाटतो हे नक्की. आणखी एक म्हणजे तांदूळ दळून त्याच्या पातळ पिठाची वाफेवर केलेली पारदर्शक गुंडाळी, चेउंग फन, वर सोया सॉस. पेजही तांदूळ, गुंडाळीही तांदूळ, आणि दोन्ही तोंडात एकदम वेगळं लागतं.

काळं अंडंही खाल्लं. चुना, राख, मीठ यांत अंडी आठवडेच्या आठवडे ठेवतात, पांढरं असतं ते काळपट जेलीसारखं होतं, बलक हिरवट करडा. वास उग्र आहे, पण पेजेत मिसळलं की तो मागे जातो आणि एक दाट खारट चव राहते. मला आवडलं, परत मागवलं.

दादांसाठी साधी पांढरी पेज घेतली, पण आधी विचारून, कारण मोठ्या पातेल्यातल्या पेजेत हाडं असतात. त्या दुकानात पांढरी वेगळी शिजवत होते, नुसता तांदूळ, पाणी आणि ती सोयाची साय. दादांनी एक घास घेतला, मग वाडगा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "आपलीच पेज हाय बापा हे. माह्या मायच्या हातची." मग पूर्ण वाडगा संपेपर्यंत बोलले नाहीत, आणि दुसरा मागवला.

परत आल्यावर हे घरी करणं आलंच. आमचा एचएमटी घेतला. हा तांदूळ आमच्याच भागातला, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ च्या सुमारास आपल्या बांधीत पटेल-३ धानात वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या बाजूला काढल्या, वर्षानुवर्षं निवडत नेल्या आणि त्यातून हे वाण उभं केलं. जास्त शिकलेले नव्हते, जमीन थोडी, २०१८ मध्ये गेले. आज देशात कुठेही एचएमटी म्हणून जी गोणी विकली जाते तिच्या मागे हा माणूस आहे आणि आमच्याच पोरांना नाव माहीत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

तर एचएमटीची पेज. जुना तांदूळ भाताला चांगला, मोकळा होतो, म्हणूनच पेजेला तो नको. यंदाचा नवा घेतला, मीठ-तेल चोळून तासभर ठेवला, उकळत्या पाण्यात सोडला, मंद चुलीवर दोन तासांच्या वर. दाणा सुंदर फुटला. मग मिलमधली एचएमटीची कणकी, म्हणजे तुटलेला तांदूळ, घेऊन केली, ती निम्म्या वेळात झाली आणि चवीला तितकीच, फक्त सतत ढवळावी लागते नाहीतर बुडाला लागते. वर आलं, पात, तळलेले शेंगदाणे. आईने आधी, "तापाचं जेवण कायले करून राह्यला?" असं विचारलं, नंतर तिनेच वरून जवसाची चटणी टाकली आणि ती शेंगदाण्यापेक्षा भारी लागली, हे मान्य करावंच लागेल.

कोणी तिकडे जाणार असेल तर सकाळी लवकर जा, जाण्याआधीच फोनवर पेमेंटचं ॲप चालू करून कार्ड जोडून ठेवा, भाषांतराचं ॲप ऑफलाईन डाऊनलोड करा कारण गूगल तिकडे चालत नाही, आणि व्हेज असाल तर "हाडं नको, मासा नको" असं चिनीत लिहून स्क्रीनशॉट ठेवा. पेज गरमच खायची असते, फोटो काढत बसू नका.

गावातल्या बचत गटाच्या बायांशी बोलणं झालंय. कणकी मी देणार, आठवडी बाजाराच्या दिवशी सकाळी पेजेचा गंज लावायचा, वाटीवर दर ठेवायचा, झाकून नाही तर उघड्यावर. सोबत झिंग्याची चटणी ठेवायची का जवसाची यावर दोन पार्ट्या झाल्यात, मी झिंग्याच्या बाजूने आहे. तुमच्या गावात पेजेसोबत काय खातात ते सांगा, बाजाराच्या आधी कळलं तर तेही करून पाहू.